ढोल-ड्रमवरील इलेक्ट्रॉनिक ट्रिगर : बसवण्याची रीत आणि जपणूक

छत्तीसगडमधील भिलाई आणि दुर्ग या जोडशहरांत गणेशोत्सवाच्या विसर्जन मिरवणुका मोठ्या प्रमाणावर निघतात. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानंतर येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यात मराठी कुटुंबेही होती. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे शहर नागपूरपासून अडीचशेहून काही अधिक किलोमीटर अंतरावर आहे. त्यामुळे विदर्भातील आणि छत्तीसगडमधील उत्सवसंगीतात बरेच साम्य आढळते. दोन्हीकडे लोकप्रिय असलेली 'धुमाळ पार्टी' हे त्याचे ठळक उदाहरण होय.

धुमाळ पथकात हाताने व काठीने वाजवावयाच्या तालवाद्यांबरोबर कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि ध्वनिवर्धक यांचा उपयोग करण्यात येतो. लग्नाच्या वरातीपासून विसर्जनापर्यंत या पथकांना मागणी असते आणि हंगामातील हीच मिळकत अनेक वादकांच्या घराचा आधार असते. ज्या वादकाला ढोल किंवा ड्रम हे मूळ वाद्य सोडावयाचे नाही, पण इलेक्ट्रॉनिक नादही हवे आहेत, त्याच्यासाठी 'ट्रिगर' हा एक पर्याय आहे. हे उपकरण लहान व स्वस्त असले, तरी चुकीच्या रीतीने बसवल्यास वाद्याचे पान फाटणे, लाकडी खोडाला तडा जाणे किंवा महागडे मॉड्युल निकामी होणे असे नुकसान संभवते. विजेच्या जोडणीत हयगय झाल्यास जिवावर बेतू शकते. यासंबंधीची माहिती येथे देत आहोत.

ट्रिगर म्हणजे काय?

ट्रिगर हा मायक्रोफोन नव्हे. मायक्रोफोन हवेतील ध्वनिलहरी टिपतो, तर ट्रिगर वाद्याच्या पानाचे कंपन टिपतो. त्याच्या आत बहुधा पितळेची पातळ चकती असते आणि तिच्यावर विशिष्ट चिनीमातीसदृश पदार्थाचा थर दिलेला असतो. या पदार्थावर दाब पडला की त्यातून विद्युतदाब निर्माण होतो. पिएर आणि जाक क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली काही स्फटिकांमध्ये हा गुणधर्म दाखवून दिला. त्यावरूनच या चकतीस 'पिझो' असे म्हणतात. पोलाद कारखान्यांतील मोठे पंखे, मोटारी आणि गिअरबॉक्स यांची कंपने मोजण्यासाठी वापरले जाणारे अनेक सेन्सर याच तत्त्वावर चालतात. यंत्राचा बिघाड आधी ओळखणारी आणि ढोलावरील थाप ओळखणारी साधने अशा प्रकारे एकाच कुळातील आहेत.

पानावर आघात झाला की पिझोमधून क्षणमात्र विजेचा एक ठोका निघतो. केबलमधून तो मॉड्युलकडे जातो. मॉड्युल त्या ठोक्याची तीव्रता मोजते आणि तिच्या प्रमाणात आधीच साठवून ठेवलेला नाद वाजवते. हा नाद नगाऱ्याचा, तबल्याचा, टाळ्यांचा किंवा अन्य कोणताही असू शकतो. ट्रिगरला नाद कळत नाही, केवळ आघात कळतो. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की पुढील बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. शेजारच्या ढोलाचा हादरा, स्टँडला लागलेला पाय किंवा वाहनाला बसलेला धक्का हेदेखील ट्रिगरच्या दृष्टीने आघातच असतात.

ऑक्टापॅडशी असलेले नाते

इलेक्ट्रॉनिक ड्रमचा व्यापक प्रसार १९८० च्या दशकात झाला. ब्रिटनमधील सिमन्स कंपनीचा षटकोनी पॅडचा संच १९८१ साली बाजारात आला. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांना जोडण्यासाठीची 'मिडी' ही सामाईक पद्धत १९८३ साली रूढ झाली आणि १९८५ साली जपानच्या रोलंड कंपनीने 'ऑक्टापॅड' हे आठ पॅडचे वाद्य विक्रीस आणले. या पहिल्या वाद्यात स्वतःचे नाद नव्हते. ते दुसऱ्या यंत्राला केवळ आघाताचा संदेश देत असे. पुढे याच मालिकेतील वाद्यांत नादही समाविष्ट झाले आणि भारतात 'ऑक्टापॅड' हा शब्द अशा सर्वच वाद्यांसाठी सर्रास वापरला जाऊ लागला.

नंतरच्या बऱ्याच ऑक्टापॅडांच्या मागील बाजूस बाहेरील ट्रिगर जोडण्यासाठी जॅक दिलेले असतात. ज्या पथकाकडे असे वाद्य आधीपासून आहे, त्याला स्वतंत्र मॉड्युल विकत घेण्याची गरज भासत नाही. खरेदीपूर्वी आपल्या यंत्राची माहितीपुस्तिका पाहून किती ट्रिगर जोडता येतात आणि ते एकेरी आहेत की दुहेरी, याची खात्री करून घ्यावी. एकेरी ट्रिगर केवळ पानावरील आघात ओळखतो, तर दुहेरी ट्रिगर पान आणि कडा यांवरील आघात वेगवेगळे ओळखतो. दुहेरी ट्रिगरसाठी स्टिरिओ केबल आवश्यक असते. साधी मोनो केबल लावल्यास त्याचा अर्धाच उपयोग होतो आणि वादकाला ट्रिगर बिघडल्याचा भास होतो.

बसवण्यापूर्वी

ट्रिगर बसवण्यापूर्वी वाद्य सुरात लावून घ्यावे. पान एका बाजूस सैल आणि दुसऱ्या बाजूस ताठ असेल, तर सारख्याच जोराचे दोन आघात ट्रिगरला वेगवेगळे भासतात. अशा वेळी मॉड्युलमधील कोणत्याही जुळवणीने दोष दूर होत नाही. फाटण्याच्या बेतात आलेले किंवा मध्यभागी खळगा पडलेले पान आधी बदलावे. कडे वाकलेले असल्यास तेही दुरुस्त करून घ्यावे.

खोडाला भोक पाडण्याचा मोह मात्र टाळावा. काही ट्रिगर ड्रमच्या आत बसवले जातात आणि त्यांची केबल बाहेर काढण्यासाठी नवे भोक पाडले जाते. बहुतेक ड्रमच्या खोडाला हवा जाण्यासाठी मुळातच एक छिद्र असते. केबल त्याच छिद्रातून काढता येते. एकदा पाडलेले भोक बुजवता येत नाही, त्यातून लाकडाला तडा जाऊ शकतो आणि वाद्याची पुनर्विक्रीची किंमतही घटते. ट्रिगर काढून घेतल्यावर वाद्यावर त्याची खूण राहू नये, असा दंडक पाळणे हिताचे ठरते.

बसवण्याचा क्रम

नवोदितांसाठी कड्यावर चिमट्यासारखा अडकवावयाचा ट्रिगर सर्वांत सोयीचा असतो. स्नेअर आणि टॉम या ड्रमवर तो पुढील क्रमाने बसवावा.

१. जागा निवडणे. वादकाच्या समोरील, म्हणजे काठी सहसा न पोहोचणारी बाजू निवडावी. ताणाच्या बोल्टजवळची जागा अधिक स्थिर असते. ट्रिगरवर थेट काठी बसल्यास आतील चकती तडकते.

२. क्लॅम्प लावणे. क्लॅम्पचा स्क्रू हाताने जेवढा आवळता येईल तेवढाच आवळावा. पक्कड किंवा पाना वापरू नये. अधिक आवळल्याने ट्रिगरचे प्लॅस्टिक तडकते आणि पातळ कडे वाकते. कड्याला ओरखडे पडू नयेत यासाठी रबराची पातळ पट्टी मध्ये ठेवता येते.

३. सेन्सरचा स्पर्श. सेन्सरच्या टोकाला असलेला फोम पानाला अलगद टेकला पाहिजे. तो पानाला दाबून धरत असेल तर ड्रमचा मूळ नाद दबतो आणि फोमही लवकर झिजतो. तो पानापासून सुटलेला असेल तर हलके आघात नोंदले जात नाहीत. ट्रिगर लावण्यापूर्वीचा आणि नंतरचा ड्रमचा आवाज कानाने ताडून पाहावा. दोन्हींत फारसा फरक वाटू नये.

४. केबल बांधणे. केबलला ट्रिगरजवळ छोटा सैल फास ठेवून ती स्टँडच्या दांडीला कापडी पट्ट्याने बांधावी. केबलीत पाय अडकल्यास ओढ जॅकवर न येता दांडीवर येते.

५. जोडणी. मॉड्युल आणि ॲम्प्लिफायर यांचा आवाज शून्यावर आणून मगच केबल लावावी. यंत्र सुरू झाल्यावर आवाज हळूहळू वाढवावा. आवाज पूर्ण असताना जॅक लावल्यास मोठा कडकडाट होतो व ध्वनिवर्धकाला इजा पोहोचू शकते.

बास ड्रमवर ट्रिगर लावताना पॅडल कड्याच्या ज्या भागाला धरते तो भाग सोडून, वरच्या किंवा बाजूच्या कड्यावर ट्रिगर बसवावा. या ड्रमचे कडे पुष्कळदा लाकडी असते. त्यामुळे क्लॅम्पखाली रबर अवश्य ठेवावे.

ढोलकी आणि ढोलक यांचा विचार

वर सांगितलेली रीत धातूचे किंवा लाकडाचे कडे आणि कृत्रिम पान असलेल्या वाद्यांसाठी आहे. कातड्याच्या वाद्यांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. ढोलकी आणि तबला यांच्या पुडीवर शाई असते आणि त्या वाद्यांचा सूर तिच्यावरच अवलंबून असतो. शाईवर किंवा तिच्या लगत काहीही चिकटवू नये. चिकटपट्टी काढताना कातड्याचा पापुद्रा निघतो व शाईला भेगा पडतात. शिवाय हवेतील ओलाव्याने कातडे सैल होते, उन्हाने ताणले जाते. सकाळी जुळवलेली संवेदनशीलता त्यामुळे दुपारी उपयोगाची राहत नाही.

अशा वाद्यांसाठी सेन्सर लाकडी खोडावर, काढता येण्याजोग्या पट्ट्याने बांधणे हा सुरक्षित उपाय आहे. त्याला मर्यादाही आहेत. खोडावरील सेन्सरला डाव्या व उजव्या पुडीतील फरक नीट कळत नाही, तसेच बोटांची नाजूक अक्षरे त्याच्या हाती लागत नाहीत. ढोलकीपटू एकाच पुडीवर बोटे, तळवा आणि मनगट यांनी जे वेगवेगळे बोल काढतो, ते सर्व ट्रिगरसाठी केवळ कमी-अधिक जोराचे आघात असतात. म्हणून लावणी, भजन किंवा पंडवानीसारख्या कथागायनाच्या साथीला चांगला मायक्रोफोनच योग्य होय. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, २०१९ साली पद्मविभूषणने सन्मानित झालेल्या तीजनबाई यांनी जगभर पोहोचवलेल्या पंडवानीत साथीची वाद्ये कथेच्या चढउतारांप्रमाणे वाजतात. तो सूक्ष्म फरक टिपणे ट्रिगरच्या आवाक्याबाहेरचे आहे. जेथे आघात ठसठशीत असतो आणि तो दूरवर पोहोचवावयाचा असतो, तेथे ट्रिगर उपयुक्त ठरतो.

मॉड्युलमधील जुळवणी

ट्रिगर व्यवस्थित बसला तरी काम अर्धेच झालेले असते. उरलेले काम मॉड्युलमधील काही मूल्ये जुळवण्याचे आहे. यंत्रानुसार नावे बदलतात, पण कल्पना त्याच असतात.

संवेदनशीलता : आपण प्रत्यक्ष कार्यक्रमात जेवढ्या जोराने वाजवतो, तेवढ्याच जोराने वाजवून ही जुळवणी करावी. मिडी पद्धतीत आघाताची सर्वोच्च नोंद १२७ असते. सर्वांत जोरदार थापेला मॉड्युल या आकड्याच्या जवळ पोहोचावे, पण मध्यम थापेला पोहोचू नये. संवेदनशीलता फार वाढवल्यास सर्व आघात सारखेच मोठे वाजतात आणि वादनातील चढउतार नाहीसा होतो.

उंबरठा : ठरावीक तीव्रतेपेक्षा हलके आघात दुर्लक्षित करण्याची ही मर्यादा आहे. वाहनाच्या हादऱ्याने आपोआप नाद वाजत असतील तर ती थोडी वाढवावी. फार वाढवल्यास हलकी थाप हरवते.

दुबार आवाज : एका थापेला दोनदा नाद वाजणे ही नेहमीची तक्रार आहे. पानाचे कंपन लगेच थांबत नाही आणि मॉड्युल त्यालाच दुसरा आघात समजते. पहिल्या आघातानंतर काही मिलिसेकंद नवी नोंद न घेण्याची सोय मॉड्युलमध्ये असते. हा काळ आवश्यक तेवढाच ठेवावा. तो लांबला तर जलद लयीतील थापा गळतात. सेकंदाला बारा थापा वाजवल्यास दोन थापांत साधारण ८३ मिलिसेकंदांचे अंतर असते, पण दोन्ही हातांच्या जोडथापेत ते याहून पुष्कळच कमी असते, हे लक्षात घ्यावे. पानाच्या कडेला कापडाचा लहान तुकडा लावून कंपन थोडे आवरल्यासही हा दोष कमी होतो.

शेजारचा हादरा : एक ड्रम वाजवला असता दुसऱ्याचा नाद वाजतो, तेव्हा दोन्ही ड्रम एकाच स्टँडवर आहेत का, हे आधी पाहावे. शक्य असल्यास ते वेगळे करावेत किंवा मध्ये रबर ठेवावे. त्यानंतरच मॉड्युलमधील संबंधित मूल्य बदलावे.

थाप आणि नाद यांत विलंब जाणवतो, अशी तक्रारही काही वादक करतात. हा विलंब सामान्यतः काही मिलिसेकंदांचाच असतो. हवेतून ध्वनीला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. ध्वनिवर्धक वादकापासून चार मीटर दूर असेल तर केवळ त्या अंतरामुळे बारा मिलिसेकंद जातात. म्हणून यंत्राला दोष देण्यापूर्वी वादकाजवळ एक छोटा ध्वनिवर्धक ठेवून पाहावा.

या जोडण्या करू नयेत

काही चुका एका क्षणात मोठे नुकसान करतात. ॲम्प्लिफायरमधून ध्वनिवर्धकाकडे जाणारी तार आणि ट्रिगरची केबल यांना पुष्कळदा एकसारखाच पाव इंची जॅक असतो. ॲम्प्लिफायरचे आउटपुट मॉड्युलच्या ट्रिगर जॅकमध्ये गेल्यास मॉड्युल जळू शकते. म्हणून केबलींच्या दोन्ही टोकांना नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यात किंवा वेगवेगळ्या रंगांची पट्टी गुंडाळावी.

काही ट्रिगरना मायक्रोफोनसारखा तीन पिनांचा जोड असतो. तो चुकून मिक्सरच्या मायक्रोफोन जागेत लावू नये. काही मायक्रोफोनसाठी मिक्सरमधून ४८ व्होल्टचा दाब सोडलेला असतो. तो ट्रिगरसाठी नसतो.

मॉड्युलला त्याचाच ॲडॉप्टर वापरावा. पिन बसते म्हणून दुसऱ्या यंत्राचा ॲडॉप्टर लावणे धोक्याचे आहे. व्होल्ट सारखे असले तरी धन आणि ऋण टोके उलट असू शकतात.

विजेची सुरक्षा

साध्या ट्रिगरला स्वतःचा वीजपुरवठा लागत नाही आणि त्यातून निघणारा विद्युतदाब शरीराला अपायकारक नसतो. धोका पुढच्या साखळीत असतो. मॉड्युल, मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि जनरेटर मिळून जे जाळे तयार होते, त्यात २३० व्होल्टची वीज खेळत असते. भाद्रपदातील पाऊस, ओले कपडे आणि धातूचे वाहन यांमुळे हा धोका वाढतो.

जनरेटरपासून निघणाऱ्या मुख्य पुरवठ्यावर ३० मिलिॲम्पिअरची गळती ओळखणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. शरीरातून वीज वाहू लागताच तो सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडतो. त्याचे चाचणी बटण प्रत्येक कार्यक्रमापूर्वी दाबून पाहावे. जनरेटरच्या अर्थिंगचे काम जाणकार वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. ध्वनिवर्धकातून गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन काढून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. ती प्राणघातक ठरू शकते. गुणगुण कमी करण्यासाठी ट्रिगरच्या केबली विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात आणि ओलांडणे अपरिहार्य असल्यास काटकोनात ओलांडाव्यात.

मिरवणुकीच्या वाहनाची उंची हा याहून गंभीर प्रश्न आहे. बिहारमधील हाजीपूरजवळ ऑगस्ट २०२४ मध्ये कावडयात्रेकरूंच्या ध्वनियंत्रणेचे वाहन उच्चदाबाच्या तारेला लागून किमान आठ जणांना प्राण गमवावे लागले होते. मिरवणुकीचा मार्ग आदल्या दिवशी दिवसाउजेडी पाहून ठेवावा, वाहनाची एकूण उंची मोजावी आणि तारांखालून जाताना कोणीही वाहनावर उभे राहू नये. लोंबणारी तार काठीने उचलून वाहन पुढे काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. तशी तार दिसल्यास वाहन थांबवून वीज कंपनीला कळवावे.

आवाजाची मर्यादा आणि वादकाचे कान

ट्रिगरमुळे हलक्या थापेलाही मोठा नाद मिळतो. त्यामुळे मनगट, कोपर आणि खांदा यांवरील ताण कमी होऊ शकतो. तथापि आवाज हवा तेवढा वाढवता येत असल्याने वादकाच्या कानांवरील धोका वाढतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपर्यंत काम करता येते. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबल आवाजात केवळ १५ मिनिटे राहणे सुरक्षित आहे, आणि मिरवणूक तर कित्येक तास चालते. आवाजामुळे नष्ट झालेल्या कानातील सूक्ष्म पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून वादकांनी कानात बोळे घालावेत. मिरवणूक संपल्यानंतर कानात शिट्टीसारखा आवाज येत राहिल्यास ती धोक्याची सूचना समजावी.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास सामान्यतः मनाई आहे. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. वाहनांवर ध्वनिपेट्या लावून वाजवण्याविरुद्ध छत्तीसगड उच्च न्यायालयानेही २०१६ साली कडक आदेश दिले होते.

या संदर्भात ट्रिगरचा दुसरा, कमी परिचित असलेला उपयोग नमूद करणे योग्य ठरेल. ड्रमवर नेहमीच्या पानाऐवजी जाळीदार पान चढवून ट्रिगर लावला, तर प्रत्यक्ष ड्रमचा आवाज अगदी अल्प होतो आणि वादकाला हेडफोनमधून पूर्ण नाद ऐकू येतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या वसाहतींत, पाळीवरून येऊन दिवसा झोपलेल्या कामगारांना त्रास न देता सराव करण्यासाठी ही सोय उपयुक्त आहे. अर्थात हेडफोनचा आवाजही मर्यादित ठेवला पाहिजे.

देखभाल

मिरवणूक आटोपल्यानंतर ट्रिगर वाद्यावर तसाच ठेवू नये. वाहतुकीत एकावर एक ठेवलेल्या वाद्यांचा भार त्यावर येतो. क्लॅम्प सैल करून ट्रिगर काढावा, मऊ कोरड्या ब्रशने गुलाल व धूळ झटकावी आणि कोरड्या फडक्याने पुसावा. पाणी, रॉकेल किंवा तेल वापरू नये. गुलाल फोममध्ये साचल्यास फोम कडक होतो व संवेदनशीलता बदलते. झिजलेला फोम बदलण्याची सोय असल्यास तो हंगामापूर्वीच बदलावा. जॅक काळवंडले असल्यास वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रॉनिक जोडांसाठी मिळणाऱ्या द्रवाने स्वच्छ करावेत.

केबली कोपराभोवती घट्ट गुंडाळू नयेत. आतील बारीक तारा त्याने तुटतात. मोठी सैल वेटोळी करून बांधाव्यात. पावसाळ्यात ट्रिगर आणि मॉड्युल झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. उन्हाळ्यात भिलाईचे तापमान ४५ अंशांच्या आसपास पोहोचते आणि बंद वाहनात ते याहूनही अधिक होते. अशा उष्णतेत चिकटद्रव्य सुटते व फोम आक्रसतो.

सुटी पिझो चकती आणून स्वतः ट्रिगर तयार करणाऱ्यांनी डाग देताना विशेष जपावे. डागणीचे टोक चकतीवर जास्त वेळ टेकवल्यास चिनीमातीसदृश थराचा गुणधर्म नष्ट होतो. डाग चटकन द्यावा आणि तारेवर ताण येणार नाही अशी ती चिकटवून घ्यावी. वापरात चकती बहुधा शाबूत राहते आणि तारच निखळते.

दोष कसा शोधावा?

ऐन कार्यक्रमात ट्रिगर बंद पडल्यास एका वेळी एकच वस्तू बदलून पाहावी. प्रथम केबल बदलावी, कारण बहुतेक वेळा दोष तेथेच असतो. त्यानंतर तोच ट्रिगर मॉड्युलच्या दुसऱ्या जॅकमध्ये लावून पाहावा. तेथे तो चालला तर दोष जॅकमध्ये किंवा जुळवणीत आहे. तेथेही चालला नाही तर ट्रिगर बदलावा. दोन-तीन वस्तू एकदम बदलल्यास दोष कोठे होता हे कळत नाही आणि पुढच्या कार्यक्रमात तो पुन्हा उद्भवतो. यासाठी प्रत्येक पथकाने एक जादा ट्रिगर आणि दोन जादा केबली बाळगाव्यात. मॉड्युलमधील सर्व मूल्ये वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे यंत्रातील नोंदी पुसल्या गेल्या तरी पुन्हा जुळवणी करण्यास काही मिनिटेच लागतात.

ट्रिगर निकामी झाला, तरी ड्रम वाजत राहतो. मूळ वाद्य सुरात आणि सुस्थितीत राखले असेल तर मिरवणूक अडत नाही व ठरलेली बिदागीही बुडत नाही. म्हणूनच ट्रिगरवर खर्च करण्यापूर्वी चांगले पान, पक्क्या केबली आणि मुख्य पुरवठ्यावरील आरसीसीबी यांची तजवीज करणे पथकांच्या हिताचे आहे.